मोठ्या अक्षरांचं दुखणं

माझ्या साडूंबद्दल माझ्या मनात काहीही नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत वाचताना कुणाला तसं वाटण्याचा संभव आहे. ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सज्जन आहेत, निर्व्यसनी आहेत, उंच आहेत. आपला नळ गळतोय हे फोनवर नुसतं त्यांच्या कानावर गेलं, तरी येताना खिशात वॉशर घेऊन येतात. आमच्याकडे आले की चपला जोडीने लावून ठेवतात आणि जाताना माझ्याही लावून जातात. अशा माणसाबद्दल कुणाच्या पोटात दुखेल? माझ्या दुखतं, पण ते पित्तामुळे, असं डॉक्टर म्हणतात.

सासूबाई मात्र आमच्याकडे राहतात. आमच्याकडे म्हणजे माझ्या घरात, माझ्या छताखाली, टीव्हीसमोरच्या माझ्या खुर्चीत. लोक त्यासाठी माझ्याकडे दयेने बघतात. ऑफिसातले तर पाठीवर हात ठेवतात. त्यांना कसं सांगू? मी शाळेत असतानाच माझी आई गेली. संध्याकाळी दार उघडल्यावर ‘आलात का? हातपाय धुऊन घ्या’ असं म्हणणारं वडीलधारं माणूस घरात असावं, ही माझी फार जुनी हौस आहे. सासूबाई ते रोज म्हणतात. अडचण एवढीच की त्या राहतात माझ्याकडे आणि कौतुक करतात साडूंचं.

त्याला कारण झाला तो गेम. सासूबाईंच्या वाढदिवसाला मी त्यांना ब्लँकेट दिलं होतं. चांगलं, दोन्ही बाजूंनी वापरता येणारं. आणि साडूंनी दिला दोन हातांत धरून खेळायचा व्हिडिओ गेम. “माझ्याकडे आहे तसाच आणलाय, आई,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी मनात हसलो. सत्तरी ओलांडलेली बाई व्हिडिओ गेमचं काय करणार? पण आठवडाभरात सासूबाई त्या गेममध्ये शेती करू लागल्या. नांगरणी, पेरणी, बदकं, विहीर, सगळं. दुपारी घरातली कामं आटोपली की त्या माझ्या खुर्चीत बसत आणि ‘पाणी द्यायचं राहिलंय’ म्हणत अंगठ्यांनी शेत शिंपत. ब्लँकेट मांडीवर असायचं, हे कबूल करायला हवं. गेम त्यावर ठेवायला बरा पडतो म्हणून.

शेतातल्या जनावरांना त्यांनी घरातल्या माणसांच्या जागी नेमलं होतं. माझी बायको गाय, मेहुणी शेळी, आणि साडू म्हणजे पांढरा घोडा. मी बरेच दिवस विचारायचं टाळलं. मग एकदा चहा पिता पिता अगदी सहज विचारलं, “आणि आई, आम्ही कोण ह्यात?”

त्यांनी पडद्यावरून नजर न काढता थोडा विचार केला. “तुम्ही कुंपण,” त्या म्हणाल्या.

कुंपण हे जनावर नाही, हे मी बोललो नाही. कुंपणाशिवाय शेत नाही, अशी माझी समजूत बायकोने नंतर घातली. तरी पण घोडा तो घोडा.

असंच चाललं असतं. पण मध्ये सासूबाई चार दिवस धाकटीकडे राहून आल्या आणि आल्या त्या नवंच खूळ घेऊन. साडूंनी म्हणे आपल्या गेममध्ये नवीन फर्मवेअर टाकलं होतं आणि त्यामुळे पडद्यावरची अक्षरं मोठी झाली होती. “केवढाली अक्षरं! चष्म्याशिवाय वाचता येतात,” सासूबाई सांगत होत्या. भाजीवाल्याला सांगितलं, समोरच्या वहिनींना सांगितलं, चुकीचा नंबर लागलेल्या एका माणसाला फोनवर सांगितलं. दर वेळी शेवट एकच: “धाकट्या जावयांचा हात म्हणजे हात आहे.”

जेवताना त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी येऊन माझ्याही गेमात करून देतो म्हणालेत.”

“त्यात काय एवढं?” माझ्या तोंडून निघून गेलं. “त्यांना कशाला त्रास? मीच करीन की.”

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. “अहो, तुम्हाला रिमोटचे सेल सुलटे घालता येत नाहीत,” ती म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

फर्मवेअर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या रात्री मलाही ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात, त्यांनी समजावलं. त्यांचं म्हणणं, सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राचे विचार आणि फर्मवेअर म्हणजे यंत्राचा स्वभाव. विचार बदलायला हरकत नाही, पण स्वभावाला हात घालताना माणूस ओळखीचा हवा. मला हे पटलं. यंत्र ओळखीचंच होतं, रोज माझ्या खुर्चीत बसत होतं.

मी रीतसर अभ्यास केला. इंटरनेटवर एक काटकुळा तरुण हे सगळं करून दाखवत होता. सुरुवातीलाच तो बजावत होता की आपल्या गेमच्या पाठीवरचा मॉडेल नंबर तपासा, दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर टाकलंत तर गेम कायमचा झोपेल. मी काही मूर्ख नाही. मी नंबर तपासायला गेलो. पण सासूबाईंच्या गेमला पाठ दिसतच नव्हती. आमच्या घरात वस्तूला आधी कव्हर मिळतं आणि मग वापर. रिमोटला आहे, मिक्सरला आहे, कव्हरं ठेवायच्या पिशवीलाही आहे. गेमला सासूबाईंनी माझ्या जुन्या शर्टाचं अस्तर लावलेलं कव्हर घातलं होतं, आणि ते निसटू नये म्हणून चारी बाजूंनी पक्की टीप घातली होती. टीप उसवावी तर पुन्हा तशी घालायची कुणी?

मग मला सुचलं. साडू ‘माझ्याकडे आहे तसाच’ म्हणाले होते ना? मग त्यांचाच नंबर बघावा. ऑफिसातून परस्पर मी त्यांच्याकडे गेलो, पडदे छान आहेत असं सांगितलं, मेहुणी चहा टाकायला आत गेल्यावर टीव्हीजवळचा गेम उलटा केला आणि नंबर पाठ करून आलो. साडूंचा गेम उघडा होता. ना कव्हर, ना काही. ह्या माणसाला वस्तूची किंमत नाही, हे माझ्या मनात तेव्हाच येऊन गेलं.

मुहूर्त सापडला तो बायको सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली त्या दुपारी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारण ‘कौटुंबिक’. गेम कॉम्प्युटरला जोडला, तरुण सांगत होता तसतशी बटणं दाबली. पडद्यावर एक पट्टी आली आणि हळूहळू भरू लागली. ती भरत असताना मला आयुष्यात कधी वाटलं नसेल इतकं समाधान वाटत होतं. सासूबाई येतील, गेम सुरू करतील, अक्षरं बघतील, म्हणतील, “अगंबाई, हे कुणी केलं?” मी पेपरातून डोकं न काढता म्हणेन, “कोण करणार?” पेपरही मी आणून ठेवला होता.

पट्टी भरली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मी बटण दाबलं. दाबून धरलं. दोन बटणं एकदम दाबली. मग सगळी दाबली. आतल्या आत काहीतरी एकदा ‘टक्’ झालं आणि त्यानंतर ते यंत्र पार गप्प झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेत गेलं, विहीर गेली, घोडा गेला. घोडा गेला ह्याचं क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

इतक्यात दार वाजलं. मी गेम उशीखाली सरकवला आणि पेपर उलटा धरून बसलो. सासूबाई नवा चष्मा लावून आत आल्या. “अहो, काय स्वच्छ दिसतंय सगळं!” त्या म्हणाल्या. “मुंगीसुद्धा दिसतेय. आता काही मोठी अक्षरं नकोत बाई मला. आहे तसंच बरं आहे ते. कुठेय माझा गेम?”

“साफ करायला दिलाय,” मी म्हणालो.

“कुणाकडे?”

“साफ करणाऱ्याकडे.”

बायकोने माझ्या हातातला उलटा पेपर पाहिला आणि काही न बोलता आत गेली. वीस वर्षांच्या संसारात तिचं असं आत जाणं मला बोलण्यापेक्षा जास्त महाग पडलेलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मी गुप्तता पाळून फक्त मॅनेजरांना सांगितलं होतं, त्यामुळे जिन्यातल्या सगळ्यांना कळलं. फक्त आमच्या घरात सांगू नका, एवढं मी हात जोडून सांगितलं होतं आणि तेवढं त्यांनी पाळलं. समोरच्या वहिनींनी गेम तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला.

“पण वहिनी, तो भिजलेला नाही.”

“म्हणून काय झालं? तांदळाला काय कळतंय?”

तळमजल्यावरचे शिकवणीवाले सर म्हणाले, त्याच्याशी काही काळ बोलूच नका, आपोआप ताळ्यावर येईल. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा उपाय लागू पडतो म्हणे. मॅनेजरांनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, “वारस लावलाय का?” सवयीने विचारलं असावं. शेवटी तांदूळ झटकून मी गेम घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो.

तिथे काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी गेमकडे बघायच्या आधीच विचारलं, “बिल कोणाच्या नावावर?”

बिल अर्थातच साडूंच्या नावावर होतं. “मग त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाईल. तो सांगा. त्याशिवाय गेम आत घेता येत नाही.”

“मी त्यांचा साडू आहे.”

“साडू सिस्टिममध्ये नाही,” बाई म्हणाल्या.

मी बाहेरच्या पायरीवर येऊन साडूंना फोन लावला. “अहो, तुमच्या मोबाइलवर आत्ता एक नंबर आला असेल. तेवढा सांगता का?”

 साडू अतिशय नम्रपणे म्हणाले, “दादा, ओटीपी कोणालाही देऊ नये असं बँक सांगते.”

“अहो पण मी आहे.”

“आवाज दादांचाच वाटतोय. पण हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. रागावू नका, एक प्रश्न विचारतो, जो फक्त घरच्या माणसाला माहीत असेल. आईंच्या शेतात पांढरा घोडा कोण?”

रस्त्यावर माणसं जात-येत होती. मागे काउंटरवरच्या बाई काचेतून बघत होत्या. मी घसा साफ केला. “तुम्ही,” मी म्हणालो.

“जरा मोठ्याने. इथे आवाज आहे.”

“घोडा तुम्ही!” मी ओरडलो.

“बरोबर. आणि मोठे जावई?”

आयुष्यात माझ्यावर पुष्कळ प्रसंग आलेत. बढतीच्या यादीतून नाव गळलं, लग्नात अंगठी बसेना, पण हा प्रसंग वेगळा. मी तोंडाजवळ हात धरून म्हणालो, “कुंपण.”

साडूंनी ताबडतोब ओटीपी सांगितला. का हवा, हेही विचारलं नाही. हीच त्या माणसाची खोड आहे, धड राग येऊ देत नाही.

काउंटरवरच्या बाईंनी कात्री काढली आणि मी ‘अहो अहो’ म्हणेपर्यंत सासूबाईंची टीप कराकरा कापली. कव्हर गळून पडलं. त्यांनी गेमची पाठ बघितली, कॉम्प्युटरला जोडला, मान हलवली.

“हे आधीचं मॉडेल आहे. ह्यात नव्या मॉडेलचं फर्मवेअर टाकलंय कुणीतरी. ह्याची वीट झाली.”

“वीट?”

“आम्ही वीटच म्हणतो. वॉरंटीत बसत नाही. आतली अख्खी सर्किटची पाटी बदलावी लागेल. खेळलेलं काही परत मिळणार नाही.” मग त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. “कुणी टाकलं? ग्राहकाने स्वतः बिघडवले, असं लिहू?”

“बिघडवले कशाला? सुधारताना लिहा.”

“सुधारताना असा पर्याय नाही.”

पण मी तेव्हा अर्धवटच ऐकत होतो. माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: आधीचं मॉडेल. म्हणजे साडूंनी ‘माझ्याकडे आहे तसाच’ म्हणून सासूबाईंना जुना माल गळ्यात मारला होता आणि नवा स्वतःला ठेवला होता! मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ती साडूंची चूक, लेखी, शिक्क्यासकट माझ्या हातात आली होती. घरी जायचं आणि सगळ्यांना सांगायचं. पाटी बदलूनही शेत परत येणार नव्हतं, म्हणून गेम तसाच पिशवीत घालून निघालो. पायऱ्या उतरता उतरता लक्षात आलं की सांगायचं तर गेम कसा उघडला, हे सांगावं लागेल. गेम कसा उघडला, हे सांगायचं तर तो कुणी मारला, हेही सांगावं लागेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आनंद पोटात ठेवून माणूस किती दिवस राहील? मला पित्त झालं. खरोखरचं.

इकडे घरात भलतंच चाललं होतं. गेम नाही, त्यामुळे सासूबाईंची दुपार सरेना. खिडकीत बसत, उठत, पुन्हा बसत. अंगठे आपोआप हलत असत. “बदकांना दाणा कोण घालत असेल?” असं एकदा स्वतःशी म्हणाल्या, तेव्हा मला घास जाईना. आणि मग एका सकाळी त्यांनी पलंगावर बॅग उघडी टाकली.

“जाते म्हणते धाकटीकडे थोडे दिवस,” त्या म्हणाल्या. “तिथे गेम आहे. रविवारी जावई येतायत, त्यांच्याबरोबरच जाईन.”

“थोडे म्हणजे किती, आई?”

“बघू. करमलं तर राहीन.”

करमणार, हे मला माहीत होतं. तिथे नवं मॉडेल होतं, मोठी अक्षरं होती, पांढरा घोडा स्वतः दार उघडायला होता. इथे कोण होतं? संध्याकाळी मी दार उघडीन आणि आतून कुणी काही म्हणणार नाही. मी ब्लँकेट घडी करून त्यांच्या बॅगेत ठेवलं. त्यांनी ते बाहेर काढलं, तिथे आहेत म्हणाल्या. त्या दिवशी ऑफिसात मी दोन फायली चुकीच्या टेबलावर दिल्या.

रविवारी साडू आले. चपला जोडीने लावल्या. चहा झाला. दारात बॅग तयार होती. साडू म्हणाले, “आई, आधी तुमचा गेम आणा, अक्षरं मोठी करून देतो.”

“अहो, तो साफ करायला दिलाय ह्यांनी,” सासूबाई म्हणाल्या. “आठवडा होत आला. कसली एवढी घाण होती कोण जाणे.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मोबाइलवर सर्व्हिस सेंटरचा निरोप आला असणार, हे त्यांच्या नजरेत स्वच्छ दिसत होतं. आणि ते काही बोलले नाहीत! मला सांभाळून घेत होते! मला! ते मात्र मला सहन झालं नाही. मी उठलो, कपाटातून गेम आणि उसवलेलं कव्हर काढलं आणि टीपॉयवर आपटलं.

“मी बिघडवला,” मी म्हणालो. “मी फर्मवेअर टाकलं आणि गेम मेला. शेत गेलं, बदकं गेली, सगळं गेलं. पण का मेला, ते विचारा ह्यांना! हे जुनं मॉडेल आहे. माझ्याकडे आहे तसाच म्हणाले, आणि नवा स्वतःला ठेवून जुना तुम्हाला दिला. हा बघा कागद!”

मी कागद फडकावला. साडू खाली मान घालून कपातला चहा बघत राहिले. बायको कपाळाला हात लावून बसली होती.

“त्यांनी नवाच आणला होता,” सासूबाई सावकाश म्हणाल्या. “दुकानातून आणून आदल्या दिवशी मला दाखवला. मीच म्हटलं, हा नको, तुमच्याकडचा जुना द्या आणि नवा तुम्ही वापरा. आणि तसाच आहे म्हणून सांगा.”

“का?” मी विचारलं.

“कारण तुम्ही ब्लँकेट आणलं होतंत. नव्या गेमापुढे तुमचं तोंड एवढंसं झालं असतं. तुम्हाला लागतं मनाला, ठाऊक आहे मला. सगळ्यांना ठाऊक आहे.”

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. साडूंकडे पाहिलं. त्यांनीही हलवली. म्हणजे माझ्या साडूंबद्दल माझ्या मनात काही नाही, ह्यावर अख्ख्या घरात विश्वास ठेवणारा मी एकटाच होतो. मला कुठे बघावं ते कळेना. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

सासूबाईंनी तो काळा गेम उचलला आणि बटण दाबून बघितलं. एकदा, दोनदा. मग कव्हरच्या कापलेल्या टिपेवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे नव्या चष्म्यामागे भरले आणि मग एकदम त्यांचा पारा चढला.

“अरे गाढवा!” त्या कडाडल्या. “येत नव्हतं तर हात कशाला लावलास? मला विचारायला तोंड नव्हतं? आठवडाभर माझ्यासमोर जेवलास आणि बोलला नाहीस? मोठी अक्षरं मी मागितली होती तुझ्याकडे? ऊठ, उद्या जाऊन ती पाटी का काय ती बदलून आण. तोवर रोज संध्याकाळी आल्यावर माझ्यासमोर बसून पत्ते खेळायचे. आणि ती बॅग आत ठेव. कुठे जातेय मी? तुला इथे एकटा टाकून गेले तर उद्या फ्रीज सुधारायला घेशील!”

इतक्या वर्षांत त्या मला कधी अरे-तुरे बोलल्या नव्हत्या. माझे कान लाल झाले होते. मी “हो आई” म्हणालो आणि बॅग उचलायला दाराशी गेलो.

साडू माझ्या मागोमाग आले. बॅगेचा दुसरा पट्टा धरायला मदत करतायत असं मला वाटलं. पण ते नुसतेच उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“दादा,” ते हळू आवाजात म्हणाले, “मला आई आजपर्यंत एकदाही गाढव म्हणाल्या नाहीत हो.”

“म्हणतील,” मी म्हणालो. “एकदम होत नाही ते. बरोबर राहावं लागतं.”

आणि बॅग खांद्याला लावून आत गेलो.